अ‍ॅमेझॉनच्या काठी पिठलं-भात

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळात लतिकाबाईंची ओळख कुणी करून दिली, की एकच वाक्य ठरलेलं असायचं. "या लतिकाताई. ह्यांनी आम्हाला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पिठलं-भात खाऊ घातला!" समोरचा माणूस थक्क होऊन दोन्ही हात जोडायचा आणि लतिकाबाईंचा चेहरा एरंडेल घेतल्यासारखा व्हायचा. लोकांना वाटायचं, बाई विनयी आहेत, स्तुती सोसत नाही. विनय कसला डोंबलाचा! त्यांना राग यायचा. पिठल्याचा यायचा, भाताचा यायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा यायचा, कारण हा धोंडा त्यांनी स्वतःच्याच हातांनी स्वतःच्या पायावर पाडून घेतला होता.

मूळच्या त्या नागपूरच्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि त्यासाठी नवेगावबांधच्या तलावावर पहाटे पहाटे जाऊन पाणमांजरांच्या मागे फिरलेली बाई. त्या काळी मुलीने असं चिखलात लोळणं घरच्यांना मुळीच पसंत नव्हतं. पुढे पीएच.डी. करायची होती. पण श्रीरामांचं स्थळ आलं, आणि "मुलगा अमेरिकेत आहे" या तीन शब्दांपुढे पाणमांजरांचं काय चालणार? लग्न झालं, न्यू जर्सी आली, वीणा झाली. श्रीराम टेलिफोन कंपनीच्या लॅबमध्ये रमले. लतिकाबाई ओक ट्री रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत काउंटरवर बसू लागल्या आणि अख्ख्या एडिसनला मुंबईची तिकिटं विकू लागल्या. "विंडो सीट द्या, जैन मील द्या, दोन बॅगांऐवजी तीन चालतील का?" वर्षानुवर्षं हेच.

मग एका दुपारी लायब्ररीत, वीणाच्या प्रोजेक्टसाठी पुस्तकं शोधताना, एका मासिकात त्यांना ते चित्र दिसलं. अ‍ॅमेझॉनमधलं पाणमांजर. नवेगावच्या पाणमांजराचं थोरलं भावंड म्हणावं असं, माणसाएवढं लांब, गळ्यावर पांढुरका ठिपका, आणि पाण्यातून मान ताठ वर काढून थेट बघणारं. लतिकाबाई तिथेच बसून राहिल्या. वीणा म्हणाली, "आई, लायब्ररी इज क्लोजिंग." तेव्हा कुठे त्या उठल्या. त्या दिवसापासून हे जनावर एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं, आणि जमलं तर चार माणसांना नीट समजावून सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात राहिलं. दुसरी कुठलीही हौस त्यांनी केली नव्हती, म्हणून ही एक फार वाढली.

एजन्सीत असल्याचा एक फायदा झाला. मायामीची एक कंपनी पेरूमधल्या इकिटोस गावाजवळ, जंगलातल्या एका लॉजवर माणसं नेत असे. त्यांनी कळवलं, दहा माणसांचा ग्रुप जमवा, मग ग्रुपची एस्कॉर्ट म्हणून तुम्ही या. नावेत बसून लोकांना तुमच्या भाषेत माहिती सांगा. ग्रुप खूश झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा. लतिकाबाई त्या रात्री पोळ्या करताना गात होत्या, असं श्रीराम अजून सांगतात. कुठलं गाणं ते मात्र त्यांना ओळखता आलं नाही.

आता मराठी माणसांकडून दहा होकार गोळा करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नाही कुणीच म्हणत नाही. "वा, अगदी येणार! आमचं नाव घालून ठेव," असं सगळे म्हणतात. पैसे भरायची वेळ आली की कुणाची सासू येणार असते, कुणाचं किचन रीमॉडेल व्हायचं असतं. जे उरतात त्यांना शंका असतात. १९८५ च्या एप्रिलमध्ये लतिकाबाईंनी बेसमेंटमध्ये मीटिंग बोलावली. भिंतीवर नकाशा लावला, पक्ष्यांची चित्रं लावली, नवेगावपासून सुरुवात करून छान बोलायला उभ्या राहिल्या. पहिल्याच वाक्याला पुरुषोत्तमरावांचा हात वर.

पुरुषोत्तमराव मंडळाचे माजी अध्यक्ष. माजी झाले तरी अध्यक्षपण गेलं नव्हतं. "लतिका, एक बेसिक प्रश्न. वाघ दिसेल ना?"

"वाघ तिथे नसतो. जॅग्वार असतो, पण तो सहसा दिसत नाही."

"म्हणजे एवढं लांब जाऊन वाघ नाही?"

"मच्छर किती असतात गं?" त्यांच्या पत्नी सुमित्राताई म्हणाल्या. "आणि बाथरूम अटॅच्ड आहे का?"

मागून सुलेखा म्हणाली, "ते सगळं जाऊ दे यार, जेवणाचं काय? आम्ही व्हेजिटेरियन लोकांनी तिथे खायचं काय, झाडाची पानं?"

त्याबरोबर सगळी सभा जेवणावर घसरली. भात मिळतो का, दही मिळतं का, मासे तळलेल्या तेलातच बटाटे तळतात का. नकाशाकडे कुणी ढुंकून पाहीना. सहा जणांचे चेहरे पडले, दोघांनी घड्याळं पाहिली. लतिकाबाईंना आपला ग्रुप डोळ्यांदेखत विरघळताना दिसला. आणि त्या बोलून गेल्या, "अहो, कुकर घेऊ ना बरोबर. मी करीन पिठलं-भात. त्यात काय मोठंसं!"

झालं. दहाच्या दहा नावं तिथल्या तिथे पक्की झाली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

जुलैत मंडळी निघाली. लतिकाबाईंच्या बॅगेत दुर्बीण होती, पाणमांजरांवरची टिपणं होती. बाकी सगळी बॅग बेसन, तांदूळ, गोडा मसाला, पोहे आणि हिंगाने व्यापलेली होती. दुर्बिणीच्या पिशवीला लागलेला हिंगाचा वास आजतागायत गेलेला नाही.

लॉज मात्र सुंदर होता. नदीकाठी लाकडी खांबांवर उभा, वर पानांचं छप्पर, भोवती हिरवा काळोख. तिथला गाइड सेगुंदो याने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, पहाट हीच जनावरांची वेळ. उजाडायच्या आत नाव निघेल, आणि नावेत कुणी बोलायचं नाही. लतिकाबाईंनी त्याचं मराठीत भाषांतर केलं. पुरुषोत्तमराव म्हणाले, "ठीक आहे, पण चहा झाल्याशिवाय नाही हं."

पहिल्या पहाटे चहा झाला. चहाबरोबर पोहे झाले, कारण रिकाम्या पोटी मलेरियाची गोळी सोसत नाही. पोहे झाल्यावर डबे घासायचे राहिले, दुपारचे तांदूळ निवडायचे राहिले. नाव तर सुटायला हवी. लतिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी दुसऱ्या फेरीला येते." दुसऱ्या फेरीपर्यंत ऊन चढलं आणि काठावर एक कासव तेवढं उरलं. कासव पाहायला काही इकिटोसला जावं लागत नाही.

दुसऱ्या पहाटे तेच. मंडळी परतली ती ओरडतच. "लतिका, काय पाहिलं माहितेय?" सुलेखा म्हणाली. "त्या आतल्या तळ्यात! मुंगसासारखं काहीतरी, पण केवढं! पाच-सहा होती. पाण्यातून मान वर काढून आमच्यावर फुरफुरत होती. काय नाव त्याचं?"

लतिकाबाईंच्या हातात झारा होता. त्यांनी नाव सांगितलं.

"हां, तेच असेल. बरं, आज पिठल्यात लसूण जरा जास्त घाल ना."

माणसाने किती सोसावं? लतिकाबाई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसले. पदर कसला, जीन्सवर घातलेला श्रीरामांचा जुना शर्ट, त्याची बाही. मग उठून लसूण सोलला. दिलेला शब्द होता. पण मनाशी ठरवलं, उद्या शेवटची पहाट, उद्या आभाळ कोसळलं तरी मी नावेत.

शेवटच्या पहाटे त्यांनी कुणाला न विचारता थर्मासभर चहा करून ठेवला, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि सगळ्यांच्या आधी धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एक पाय नावेत ठेवलासुद्धा. तेवढ्यात वरून सुमित्राताईंची हाक आली.

"अगं लतिका! आज संकष्टी. साबुदाणा भिजवलायस ना?"

भिजवला नव्हता. संकष्टी अ‍ॅमेझॉनपर्यंत पाठलाग करील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सुमित्राताईंनी मात्र बॅगेत साबुदाण्याची पिशवी आणि पर्समध्ये दिनदर्शिकेचं पान कापून आणलं होतं, आणि चंद्रोदय इकिटोसचा धरायचा की न्यू जर्सीचा, हा प्रश्नही त्यांना पडून चुकला होता.

लतिकाबाईंनी खरोखर शांतपणे सांगितलं, "सुमित्राताई, काल जेवणात तो पांढरा उकडलेला कंद होता ना, युका, त्याचाच आपल्याकडे साबुदाणा करतात. हे त्याचं माहेर आहे. शेंगदाणा इकडचा, बटाटा इकडचा, मिरचीसुद्धा इकडची. तुमचं अख्खं उपासाचं ताट याच मुलखातून आपल्याकडे आलंय. लॉजवाले तोच कंद गरम गरम देतील. तो खा."

सुमित्राताईंनी विचार केला. "असेल बाई. पण साबुदाणा तो साबुदाणा. हा कंद उपासाला चालतो असं आमच्याकडे कधी कुणी म्हटलं नाही. आणि मला शुगर आहे, उपाशी राहिले की चक्कर येते."

लतिकाबाईंनी पाय नावेतून मागे घेतला. नाव गेली. त्या तळ्यावर पाणमांजरं होती की नव्हती, हे त्यांनी परत आलेल्यांना विचारलंच नाही. पण सगळे आपण होऊन सांगत होते. साबुदाणा काही नीट भिजला नव्हता, खिचडी गच्च गोळा झाली, आणि सुमित्राताईंनी ती "छान झालीय" म्हणून संपवली. याचाही लतिकाबाईंना रागच आला.

परतल्यावर ग्रुपने मायामीला भरभरून पत्रं पाठवली. पंधरवड्याने कंपनीचा फोन आला. फोन वीणाने घेतला, ऐकून घेतलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "आई, दे लव्ह्ड इट. दे वॉन्ट यू बॅक नेक्स्ट समर." लतिकाबाईंचा चेहरा उजळला. वीणा जरा घुटमळली. सोळा वर्षांची मुलगी, खोटं बोलायची सवय नव्हती. "बट दे थिंक यू आर द कुक. दे विल सेंड अनदर एस्कॉर्ट फॉर द टॉकिंग."

श्रीराम पेपर वाचत होते. "अगं, पण बोलावलं तर आहे ना!" ते म्हणाले. लतिकाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी स्लाइड शो ठरला. अर्थात लतिकाबाईंच्याच बेसमेंटमध्ये, आणि फराळ अर्थातच लतिकाबाईंचा. खिडक्यांना ब्लँकेटं लावली, भिंतीवर पांढरी चादर ताणली. पुरुषोत्तमरावांनी नव्या कॅमेऱ्याने काढलेल्या स्लाइड्स, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा प्रोजेक्टर. पुढच्या वर्षी यायचं म्हणणारीही काही मंडळी जमली होती. नमनाला घडाभर तेल म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. न्यूअर्क एअरपोर्टवर सगळे. मायामी एअरपोर्टवर सगळे. विमानाच्या पंखासह सुमित्राताई. इकिटोसला केळ्यांच्या गाडीजवळ सगळे. मग लॉज, मग लॉजचं स्वयंपाकघर. कुकरजवळ लतिकाबाई, घामाघूम, आणि खोलीभर टाळ्या. "हेच ते पिठलं!"

लतिकाबाई मागे, जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. वर गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं.

मग प्रोजेक्टर खटकन वाजला आणि चादरीवर तळं आलं. काळं, स्थिर पाणी, कडेला बुडालेली झाडं. पुन्हा खटकन, आणि ती होती. सहा. माना ताठ वर, अंगावरून पाणी ओघळतंय, प्रत्येकाच्या गळ्यावर पांढुरका ठिपका. पुरुषोत्तमरावांबद्दल कुणी काही म्हणो, त्या लांब लेन्सने त्यांनी फोटो असा काढला होता की मिशीचा केस अन् केस मोजून घ्यावा.

"आणि हे ते मुंगसासारखं काहीतरी," पुरुषोत्तमराव म्हणाले. "नेक्स्ट..."

"थांबा!"

आवाज एवढा मोठा होता की सुलेखाच्या बशीतली वडी खाली पडली.

"लतिका, चहा झाला का गं?" अंधारातून सुमित्राताईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सवय झाली होती.

"नाही झाला. होणारही नाही," लतिकाबाई म्हणाल्या. "कुणी उठायचं नाही, कुणी दिवा लावायचा नाही. वीणा, वर जा आणि गॅस बंद कर." त्या खुर्च्यांमधून वाट काढत चादरीपर्यंत आल्या. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या अंगावर पडला आणि एक पाणमांजर त्यांच्या खांद्यावर आलं. त्या बाजूला सरकल्या. "हे मुंगूस नाही. मुंगसासारखंही नाही. मी तीन दिवस त्या लॉजवर होते आणि ह्यांना पाहिलं नाही, कारण मी तुमचे पोहे करत होते. आज पहिल्यांदा पाहतेय, माझ्याच घरात, माझ्याच चादरीवर. तेव्हा आता मला बोलू द्या."

मग त्या बोलल्या. गळ्यावरचा ठिपका प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यावरून एकेकाला ओळखता येतं. डावीकडचं सगळ्यात पुढे आलेलं ते बहुधा घरातलं वडीलधारं, नावेवर फुरफुरून बाकीच्यांना सावध करतंय. मागे दोन लहान तोंडं दिसतात ती यंदाची पिल्लं, त्यांना आईबाप आणि थोरली भावंडं मिळून मासे भरवतात. कातड्यासाठी ह्यांना माणसांनी इतकं मारलं की कित्येक नद्यांमधून ती नाहीशी झाली. नवेगावला त्या काय काय पाहत, तेही त्यांनी सांगितलं. वाळूत लोळून अंग सुकवणं, एकमेकांना शिट्टी घालणं. सांगताना आवाज मधेच कापरा झाला, तसाच त्यांनी पुढे रेटला. त्यांना रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्ही लपवायचा त्यांनी कंटाळा केला.

पुरुषोत्तमरावांनी हात वर केला, तो या वेळी खऱ्या प्रश्नासाठी. "मग आम्ही बोलत होतो, म्हणून ती बुडी मारून गेली का?"

"हो," लतिकाबाई म्हणाल्या. "तुम्हीच बोलत होतात. मला सुलेखाने सांगितलंय."

पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक लतिकाबाईंनी स्वतः लिहिलं आणि मायामीला फोन करून ठणकावलं, एस्कॉर्ट मी, आणि स्वयंपाक तुमचा. पत्रकात ठळक अक्षरांत होतं, जेवण लॉजचं मिळेल. भात, केळी, शेंगा, उकडलेला कंद. ज्यांना चालणार नाही त्यांनी कृपया येऊ नये. मंडळात खळबळ माजली. "लतिकाला शिंगं फुटली," "पिठल्याशिवाय कोण जाणार जंगलात," असं पुष्कळ झालं. पुरुषोत्तमरावांनी नाव काढून घेतलं आणि ते चारचौघांत सांगितलंही. लतिकाबाई महिनोन् महिने फोनपाशी चडफडत बसल्या. दहा काही जमेनात. शेवटी जवळच्या पिस्कॅटवेच्या कॉलेजातले काही विद्यार्थी आले, ज्यांना कोरड्या पिझ्झ्यावर जगायची सवय होती, वीणाची बायॉलॉजीची टीचर आणि तिच्या मैत्रिणी आल्या. तरी एक जागा रिकामीच.

मे महिन्यात सुमित्राताईंचा फोन आला. "माझं नाव घाल."

"आणि पुरुषोत्तमराव?"

"ते राहतील घरी. लतिका, तो कंद उपासाला खरंच चालतो ना?"

"चालतो."

"मग झालं. आणि मी नावेत बोलणार नाही. चक्कर आली तरी नाही."

१९८६ च्या जुलैमधली निघायची सकाळ. श्रीराम त्यांना न्यूअर्कला सोडायला गाडी काढत होते. लतिकाबाई पुढच्या सीटवर बसल्या, गळ्यात दुर्बीण, मांडीवर टिपणांची फाइल, पट्टा लावून तयार. मागे सुमित्राताई आत्तापासूनच गप्प बसायचा सराव करत होत्या. श्रीराम काहीतरी आठवून घरात पळाले आणि मिनिटभराने धावत बाहेर आले, दोन्ही हातांत कुकर, शिट्टीसकट.

"अगं, हा राहिला ना! ट्रंकमध्ये टाकू?"

लतिकाबाईंनी काच खाली केली. वर्षभराचं सगळं ओठांवर आलं होतं, पण विमानाला उशीर होत होता.

"राहिला नाही. ठेवलाय. वरणाला तीन शिट्ट्या, भाताला दोन. चला आता."

श्रीराम कुकर पोटाशी धरून ड्राइव्हवेवर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी तो दाराशी पायरीवर ठेवला आणि गाडीत येऊन बसले.